भूतदया आणि उंटाचा बाजार

उंट हा मराठी मुलखाचा प्राणी नव्हे. तरी सांडणीस्वारामुळे तो आपल्या भाषेत येऊन बसला. सांडणी म्हणजे सवारीची उंटीण. तारायंत्र आल्यावर सांडणीस्वार गेला आणि आपल्यापाशी ‘उंटावरचा शहाणा’ तेवढा उरला. माळव्यात राहणाऱ्यांना मात्र उंट अगदीच परका नाही. मारवाडातले मेंढपाळ कळप घेऊन इकडे उतरतात, तेव्हा त्यांचा संसार उंटांच्याच पाठीवर असतो.

राजस्थानात उंट वाढविण्याचे काम परंपरेने राईका अथवा रेबारी समाजाचे. पार्वतीने मातीचा उंट घडविला, शंकराने त्यात प्राण घातला आणि त्याच्या राखणीसाठी पहिला राईका निर्माण केला, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांचे निर्बंधही तिला साजेसेच होते. उंटाचे मांस खायचे नाही, कत्तलीसाठी तो विकायचा नाही, मादी समाजाबाहेर द्यायची नाही. आणि दूध विकणे तर पोटचे पोर विकण्यासारखे. मग चरितार्थ चालायचा कशावर? नरांच्या विक्रीवर. उंटीण सुमारे तेरा महिने गाभण राहते व साधारण दोन वर्षांतून एकदा विते. पिलांपैकी निम्मे नर निघतात आणि पैदाशीसाठी कळपाला एखादा-दुसराच पुरतो. बाकीचे पुष्करच्या कार्तिकी मेळ्यात जात. गिऱ्हाईक दात पाहून वय ठरवी, चाल निरखी, आणि जनावर गाड्याला किंवा नांगराला जुंपण्यासाठी घेऊन जाई.

ट्रॅक्टर आले, रस्ते झाले, चराऊ राने आक्रसली. १९९२च्या पशुगणनेत देशात दहा लाखांहून अधिक उंट होते. २०१२मध्ये चार लाख उरले, २०१९मध्ये अडीच लाख. मधल्या काळात, २०१४ साली, राजस्थानने उंटाला राज्यपशू ठरविले आणि २०१५मध्ये त्याची कत्तल व परवान्यावाचून राज्याबाहेर नेणे यांवर बंदी घातली. घसरण कायद्याच्या पुष्कळ आधीची आहे. तेव्हा सारे खापर त्याच्यावर फोडणे अन्यायाचे होईल. पण कायद्यानंतर परराज्यातले गिऱ्हाईक आटले, मेळ्यातले भाव कोसळले आणि नराचे काय करायचे हा प्रश्न मालकाच्या दारात येऊन बसला.

राईकांचे निर्बंध आणि सरकारची बंदी वरवर सारखीच दिसतात. माझ्या मते दोहोंत मोठा फरक आहे. राईका जो नियम पाळी, त्याची किंमत तो स्वतः मोजी. कायद्यातली दया तुमच्याआमच्यासारख्या शहरवासीयांची. तिची किंमत मात्र तोच मोजतो. पंचवीस-तीस वर्षे जगणारे जनावर कोणी विकत घेणार नसेल, तर त्याला चारा कोणी घालायचा? २०१६मध्ये सरकारने जन्मलेल्या पिलामागे दहा हजार रुपये हप्त्याहप्त्याने देण्याची योजना आणली. म्हणजे खर्चाचा थोडा वाटा उचलण्याची निकड सरकारलाही पटली होती. पण हप्ते संपल्यावरही उंट जगतोच.

याचा अर्थ पशुपालकाला देव्हाऱ्यात बसवावे असा नव्हे. मेळ्यात विकलेला प्रत्येक नर नांगरालाच जुंपला गेला, याची ग्वाही कोण देणार? विकणाऱ्याने विचारले नाही, घेणाऱ्याने सांगितले नाही, एवढ्यावरच पुष्कळांचे व्रत अखंड राहिले असेल. तरी या झाकल्या मुठीत कळप टिकून होते, हेही नाकारता येत नाही.

पुढे काही राईकांनी आपलाच एक निर्बंध मोडला आणि ते दूध विकू लागले. २०१६मध्ये उंटिणीच्या दुधाला खाद्यपदार्थ म्हणून शासकीय मानक मिळाले; २०१९मध्ये कच्छच्या पशुपालकांचे दूध अमूलच्या बाटलीत आले. वाडवडिलांचा नियम मोडणे त्यांना सोपे गेले नसणार. पण कळप वाचवायचा तर कोणता नियम सोडायचा, हे त्यांचे त्यांनीच ठरविले. दूध देते ती मादी. तिला आता पुन्हा मोल येऊ लागले आहे. नराला गिऱ्हाईक अजून मिळायचे आहे.