उघडे कागद, शेजाऱ्याची अब्रू

अमेरिकेतल्या खेडवळ काउंटीत एखाद्या शेतकऱ्याने दिवाळखोरी जाहीर केली, तर तिचे कागद काउंटीच्या कचेरीत नसतात. ते संघराज्याच्या दिवाळखोरी न्यायालयात, बहुधा दूरच्या शहरात. तरी ‘पेसर’ या संगणकसेवेवर पानामागे 10 सेंट मोजून ते कोणीही वाचू शकतो: जमीन, ट्रॅक्टर, कोणाचे किती देणे. धनकोने वाचावेच, त्याचे पैसे अडकलेले असतात. पण शेजाऱ्याने, निव्वळ कुतूहलापोटी? कायदा हेतू विचारत नाही, म्हणून हेतूचा प्रश्न सुटत नाही. त्यातून शब्द फसवे. ‘डिस्चार्ज’ म्हणजे बहुतेक देण्यांतून सुटका. ‘डिसमिसल’ म्हणजे प्रकरण बंद, देणे मात्र तसेच. हा फरक न कळता कोणी चारचौघांत बोलून गेला, तर त्या घराने आपली अब्रू कोणत्या न्यायालयात परत मागायची?