आंबट बाहेर, आत नाही

निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. माती परीक्षणाचा अहवाल ज्यांनी पाहिला आहे त्यांना सामू ओळखीचा असेल: सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कधर्मी. कर्करोगाच्या गाठीत पेशी-पेशींच्या मधल्या द्रवाचा सामू मोजला तर तो पुष्कळदा ६.५ ते ६.९ भरतो. फरक किरकोळ वाटतो, पण ही पट्टी दहाच्या पटीत चालते. ७.४ वरून ६.७ वर येणं म्हणजे आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन पाचपट होणं. त्याच गाठीतल्या पेशीच्या आतला सामू मात्र ७.२ किंवा त्याहूनही वर असतो. निरोगी ऊतीत पेशीच्या आत आम्लता किंचित जास्त आणि बाहेर कमी असते. गाठीत हे नेमकं उलटतं. कर्कपेशी स्वतः आंबट नाही, तिचा परिसर आंबट आहे. ती कशी तगते याचं बरंचसं उत्तर या उलटापालटीत आहे.

हे आम्ल येतं साखरेतून. ग्लुकोजचा एक रेणू ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जाळला तर पेशीला ऊर्जावाहू एटीपीचे सुमारे तीस रेणू मिळतात. अर्धवट फोडून लॅक्टिक आम्लावर सोडला तर अवघे दोन. जिना धावत चढताना मांडीचे स्नायू हा दुसरा मार्ग धरतात, पण नाइलाजाने आणि थोडा वेळ. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओट्टो वारबुर्ग हा शास्त्रज्ञ उंदरांच्या गाठींचे पातळ काप तपासत होता. त्याला दिसलं की हे काप ऑक्सिजन हाताशी असतानाही भराभर लॅक्टिक आम्ल बनवतात. ही उधळपट्टी कशासाठी, याचं आज पटणारं एक उत्तर असं, की सतत विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच बांधकामाचा मालही हवा असतो आणि साखर अर्धवट फोडताना तो वाटेत हाती लागतो. साखरेच्या या हव्यासावरच पेट स्कॅन चालतं: किरणोत्सारी फ्लुओरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून दिलं की गाठ ते ओढून घेते आणि चित्रात उजळते.

आम्ल तयार होणं वेगळं, साचणं वेगळं. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, वेड्यावाकड्या, गळक्या असतात. १९५५ साली थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. रक्तपुरवठ्यापासून साधारण दीडशे ते पावणेदोनशे मायक्रोमीटर, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीइतकं अंतर गेलं, की पुढे पेशी मेलेल्या. ऑक्सिजन तिथवर पोचतच नव्हता. आणि जिथे ऑक्सिजन नीट पोचत नाही तिथून आम्लही नीट वाहून जात नाही.

मग अशा जागी जगतं कोण? ऑक्सिजन घटला की पेशीतलं एचआयएफ नावाचं प्रथिन एरवीसारखं नष्ट न होता साठू लागतं आणि अनेक जनुकं चालू करतं. (पेशीला ऑक्सिजनची चणचण कशी कळते हे उलगडल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं.) ग्लुकोज आत ओढणारी दारं वाढतात, लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं आयन-रूप) आणि त्यासोबत हायड्रोजन आयन बाहेर नेणारे वाहक वाढतात. पेशीच्या पृष्ठभागावर कार्बोनिक अॅनहायड्रेज-९ नावाचं विकर येतं. ते बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडपासून बायकार्बोनेट तयार करून देतं, आणि पेशी ते आत घेऊन आतला सामू सावरते. ज्या पेशींना हे जमत नाही त्या स्वतःच्याच आम्लाने मरतात. जमतं त्या उरतात, विभागतात. परिसराने पेशी ‘बिघडवली’ असं म्हणण्यापेक्षा परिसराने निवड केली असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. फक्त तो परिसर त्या पेशींनीच घडवलेला असतो.

शेजारच्या निरोगी पेशींची अशी तयारी झालेली नसते. आम्ल वाढलं की त्या मरतात, जागा मोकळी होते. पेशींना धरून ठेवणारं जाळं पचवणारी कॅथेप्सिनसारखी विकरं आम्लात अधिक जोमाने काम करतात, त्यामुळे पुढे घुसायला वाट मिळते. अमेरिकेत रॉबर्ट गेटनबी यांनी १९९६ साली हे गणिती प्रारूपात मांडलं होतं. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींचं तर दुहेरी नुकसान. त्याही लढताना साखर अर्धवट फोडतात आणि त्यांनाही लॅक्टिक आम्ल बाहेर टाकावं लागतं. बाहेरच ते तुडुंब असेल तर ते आत अडकतं आणि टी पेशी मंदावते. लढणारा आणि ज्याच्याशी लढायचं तो, दोघेही एकाच मार्गाने ऊर्जा मिळवतात, हे मला या साऱ्यातलं सर्वांत विचित्र वाटतं.

औषधांचंही असंच. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं केमोचं औषध सौम्य अल्कधर्मी आहे. आम्लात त्याच्या रेणूवर धनभार चढतो, आणि भारित रेणूला पेशीचं पटल सहज ओलांडता येत नाही. औषध गाठीपर्यंत येतं आणि उंबरठ्यावर रेंगाळतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग शरीर अल्कधर्मी केलं की झालं. लिंबूपाणी, ‘अल्कलाइन’ पाणी आणि ‘कर्करोगाचं कारण शोधल्याबद्दल वारबुर्गला नोबेल’ असे संदेश याच बळावर फिरतात. वारबुर्गचं १९३१ चं नोबेल श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठी होतं. पेशीचं श्वसन बिघडल्यामुळे कर्करोग होतो, हे त्याचं मत टिकलं नाही. हे श्वसन जिथे चालतं त्या तंतुकणिका बहुतेक कर्कपेशींत काम करत असतात. आणि रक्ताचा सामू फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून राखतात. आहार बदलला तर लघवीचा सामू बदलतो, रक्ताचा नाही.

तरी प्रश्न अगदीच अडाणी नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना पाण्यातून भरपूर सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा, दिला गेला. गाठींभोवतीची आम्लता उतरली आणि रोगाचा इतरत्र प्रसार कमी झाला. मूळ गाठीची वाढ मात्र थांबली नाही. माणसांना तेवढ्या प्रमाणात सोडा रोज घशाखाली घालणं असह्य झालं, चाचणी पुढे सरकली नाही. शिवाय एवढं सोडियम रोज पोटात जाणं धोक्याचंच. म्हणून संशोधकांचं लक्ष आता बाहेरच्या आम्लापेक्षा ते बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेवर जास्त आहे. लॅक्टेटचे वाहक किंवा कार्बोनिक अॅनहायड्रेज-९ अडवलं तर आम्ल पेशीच्या आतच कोंडेल, असा तो हिशेब. अशा औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या सुरुवातीच्या टप्प्यांपर्यंत पोचल्या आहेत. अडचण एवढीच, की लॅक्टेटचे तेच वाहक स्नायूंना, डोळ्याच्या पडद्याला आणि त्या टी पेशींनाही लागतात.