‘मला सोडवा’

आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या आम्हां धर्मग्रामस्थांना ‘मला आता सोडवा’ हे शब्द नवे नाहीत. शिरूरच्या एका घरी घशाच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या गृहस्थांकडून ते ऐकले. पुढे दौंडला, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका वृद्धाकडून. शिरूरचे गृहस्थ वेदनेने बोलत होते. दौंडच्या बाबांना वेदना फारशी नव्हती. औषधापायी सुनेचे दागिने गहाण पडले, हे त्यांच्या कानी गेले होते. शब्द तेच, मागणे मात्र निरनिराळे.

स्वेच्छामरणाचा विषय निघाला की अरुणा शानबाग यांचे नाव येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी हल्ल्यास बळी पडली आणि मेंदूच्या इजेमुळे कायमची अंथरुणास खिळली. पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. मात्र काही अटींवर उपचार थांबविण्यास वाट मोकळी केली. २०१८ साली रुग्णाने आगाऊ लिहून ठेवलेली इच्छा ग्राह्य ठरली, २०२३ साली तिची पद्धत सोपी झाली. विषारी सुई देणे आजही गुन्हाच आहे. खरे तर अरुणाताईंनी काहीच मागितले नव्हते, त्यांना मागताही येत नव्हते. तेव्हा स्वेच्छेला हा दाखला नेमका लागू पडत नाही. पण १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, तोवर परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना आपले मानून सांभाळले, हे विसरता येत नाही.

ख्रिस्तसभा अखेरच्या श्वासापर्यंत यंत्रे चालू ठेवावयास सांगते, अशी आपल्या पुष्कळ घरांची समजूत आहे. तसे नाही. असाधारण उपाय बंधनकारक नाहीत, आणि वेदना शमविण्याच्या हेतूने दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे घटले तरी ते देता येते, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच सांगितले. दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या ‘इव्हान्जेलियुम विते’ या परिपत्रकात दयामरण निषिद्ध ठरविले. स्वतः मात्र २००५ साली पुन्हा रुग्णालयात न जाता आपल्या खोलीतच देह ठेवला.

मग कायदा झाला तर? दौंडचे बाबा निमूटपणे सही करतील, आणि कागदावर ती स्वेच्छाच ठरेल. आमची भीती ही आहे. शिरूरच्या गृहस्थांपुढे मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते. क्रूसाकडे बोट दाखविणे निरोगी माणसाला सोपे असते. (आम्हीही ते केले, घरी परतताना लाज वाटली.) वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून, वारज्याचे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची सेवा करीत आले आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फीन दुर्मीळ केले, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतरही त्या गोळीसाठी शिरूरच्या मुलाला एस.टी.ने पुण्यास खेटे घालावे लागले.

गोळी लागू पडल्यावर त्या गृहस्थांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. दीड महिन्याने, रुग्णाभ्यंग घेऊन, ते गेले. दौंडचे बाबा अजून आहेत. परवा आम्ही गेलो तेव्हा त्यांनी हळूच विचारले, “सूनबाईचे दागिने सोडवले का हो?”