अनुशेष कुणाचा?

आम्ही भंडाऱ्याची पोरं ‘अनुशेष’ हा शब्द शाळेतच ऐकतो. 1953चा नागपूर करार, 1984चा दांडेकर समितीचा अहवाल, 1994ची वैधानिक विकास मंडळं (त्यांची मुदत 30 एप्रिल 2020ला संपली): भाषणांत हा क्रम ठरलेला. विदर्भाचं देणं राहिलंय, हे मलाही पटतं. पण ते द्यायचं नक्की कुणाला?

दांडेकर समितीने राज्याची सरासरी काढली आणि कुठला जिल्हा तिच्यापेक्षा किती मागे, ते मोजलं. दिवसभर डेटाशी झटापट करून माझा सरासरीवरचा भरवसा उडालाय. नाग नदीचं बघा. नागपूरचं सांडपाणी घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं. नागपूरही विदर्भच. त्यामुळे हा अन्याय अनुशेषाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मग सत्ताच खाली आणा, असं उत्तर येतं. पुरावा म्हणून मामा तलाव दाखवतात. कोहळी लोकांनी ते बांधले, गावाने पाळ राखली, पाणी वाटलं. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ साचत गेला. खरंय. पण तेव्हा गावाचा शब्द म्हणजे मालगुजाराचा शब्द. भूमिहीन मजुराला किंवा तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवराला पाणीवाटपात कोण विचारत होतं? त्या काळात परत जायला मी तयार नाही.

तरी मी विकेंद्रीकरणाच्याच बाजूचा आहे, पण कारण वेगळं. गोसीखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींनी 1988 साली केलं. 372 कोटींचा अंदाज पुढे हजारो कोटींवर गेला. ज्यांची गावं बुडाली त्यांनी जाब कुणाला विचारायचा? मंत्रालय इथून जवळपास नऊशे किलोमीटर. ग्रामपंचायतीतही जातीची आणि पैशाची दादागिरी चालतेच, पण तिथे चुकलेला माणूस चावडीवर सापडतो. रोवणीला जाणारी बाई ग्रामसभेत उभी राहून त्याला नाव घेऊन विचारू शकते. 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला जागा दिली. बराचसा निधी मात्र अजूनही कशावर खर्चायचा ते वरून ठरूनच येतो.

वेगळा विदर्भ झाला तर मंत्रालय साठ किलोमीटरवर येईल, हे मान्य. पण नागपूरचं सांडपाणी आधी थांबवा, असं बजावण्याचा अधिकार वैनगंगेकाठच्या ग्रामसभेला त्यात कुठे असेल, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.