रिकामी उंची

उंची म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहता मोजपट्टीचा आहे. परंतु शब्दांच्या व्याख्येवरून चालणारे दावे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हे ठाऊक असते की व्याख्येच्या मागे बहुधा कोणाचा तरी अभिमान उभा असतो. जगातील उत्तुंग इमारतींचा इतिहास पाहता आम्हांला याचीच प्रचीती येते.

१९२९ साली न्यूयॉर्क शहरात क्रायसलर इमारत आणि ४०, वॉल स्ट्रीट ही इमारत यांत चढाओढ लागली होती. प्रतिस्पर्ध्याने २८३ मीटरांचा बेत ठरवला. इकडे क्रायसलरचे स्थापत्यकार विल्यम व्हॅन ॲलन यांनी पोलादाचा एक सुळका इमारतीच्या आतच गुप्तपणे जुळवून ठेवला होता. ऑक्टोबर महिन्यात तो सुमारे दीड तासात माथ्यावर चढवला गेला आणि इमारत ३१९ मीटरांची झाली. त्या सुळक्यात कोणी राहणार नव्हते. शेजाऱ्यास हरवणे एवढेच त्याचे प्रयोजन. पुढे १९३१ साली ३८१ मीटरांची एम्पायर स्टेट इमारत उभी राहिली आणि तो विजयही सरला.

१९९६ साली उंच इमारतींचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने क्वालालंपूरच्या ४५२ मीटरांच्या पेट्रोनास मनोऱ्यांस अग्रमान दिला. शिकागोच्या सीअर्स टॉवरचे छप्पर ४४२ मीटरांवर होते. तथापि माणसे वावरतात असा शेवटचा मजला पाहिला तर शिकागोचाच वरचढ. पेट्रोनासचे कळस रचनेचा भाग म्हणून जमेस धरले, शिकागोचे प्रक्षेपणाचे खांब वगळले. वाद असा पेटला की परिषदेला उंचीचे चार निरनिराळे प्रकार मानावे लागले.

दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे. वारा एकाच लयीत आदळू नये म्हणून तिचे टप्पे वळसे घेत वर गेले आहेत. ही बुद्धी खरोखर वाखाणण्याजोगी. परंतु तिचे वरचे सुमारे २४४ मीटर निर्मनुष्य आहेत. अशा उंचीला त्याच परिषदेने २०१३ साली 'मिजाशीची उंची' या अर्थाचे नाव दिले. आर्थिक संकटात सापडलेल्या दुबईला डिसेंबर २००९ मध्ये अबूधाबीने १० अब्ज डॉलरांचे साहाय्य दिले. पुढच्याच महिन्यात उद्घाटनाच्या वेळी 'बुर्ज दुबई' हे नाव जाऊन अबूधाबीच्या अधिपतींचे नाव आले. शिखर एकाचे, नाव दुसऱ्याचे!

येथे कोणी विचारील, "देवळाच्या शिखरात तरी कोण राहते?" आक्षेप रास्त आहे. शिखरही रिकामेच असते. म्हणून केवळ रिकामेपणा हा दोष नव्हे. शिखर खालच्या लहानशा, अंधाऱ्या गाभाऱ्याची खूण सांगते. ज्याला आत पोहोचता येत नाही त्याला दुरून हात जोडण्याची सोय करते. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभावर कोणाचे बिऱ्हाड नाही, पण दिव्यांना तेथे जागा आहे. ती उंची कोणाच्या तरी उपयोगी पडते.

तथापि आम्ही स्वतःस निर्दोष मानू नये. इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या तंजावरच्या भव्य मंदिरातील देवाला राजराज चोळाने आपलेच नाव दिले: राजराजेश्वर. भक्ती आणि अहंता एकाच पायावर उभ्या राहू शकतात.

याउलट तैपेई १०१ या ५०८ मीटरांच्या इमारतीत, वादळात तोल सांभाळण्यासाठी ६६० टनांचा गोळा टांगलेला आहे, आणि तो प्रेक्षकांना पाहता येतो. क्रायसलरने आपला सुळका लपवला. तैपेईने आपला आधार उघड दाखवला. आमच्या मते उंचीचा प्रामाणिकपणा येथे ओळखावा: ती कशासाठी आहे, आणि कशाच्या आधारावर आहे, हे सांगण्यास ती कचरत नाही.

गावोगावी जीर्णोद्धाराच्या सभा भरतात आणि शिखर आणखी किती हात वाढवावे याची चर्चा होते. त्या वेळी शेजारच्या गावाचे शिखर किती उंच, हे विचारण्यापूर्वी आपल्या गाभाऱ्यात समई नित्य तेवते की नाही, हे विचारलेले बरे.