वचनाची नोंद आणि दात्याचे स्वातंत्र्य

दान देईन असे म्हणणाऱ्याने दान हातातून सुटण्यापूर्वी मन बदलले, तर तो कोणाचा अपराधी ठरतो काय? सामान्य समज असा, की दान ही सर्वस्वी दात्याची इच्छा. उदक सोडीपर्यंत वस्तू त्याचीच. हा समज अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्रास विकासासाठी जे साहाय्य देते, आणि त्या साहाय्याचा माग ठेवण्यासाठी सरकारे आज ज्या संगणकीय नोंदवह्या चालवितात, त्यांकडे पाहिले म्हणजे हा जुना प्रश्न नव्या निकडीने समोर येतो.

या नोंदवह्यांची गरज का भासली, ते आधी पाहू. मदत देणारे अनेक, प्रत्येकाची रीत निराळी, आणि आपल्या देशात कोण कोठे काय करीत आहे याचा पत्ता घेणाऱ्या सरकारलाच नसावा, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी होती. एका जिल्ह्यात दोघे तेच काम काढीत आणि शेजारचा जिल्हा कोरडा राही. २००५ सालच्या पॅरिस जाहीरनाम्याने देणारा आणि घेणारा हे दोघेही परस्परांस उत्तरदायी आहेत, हे तत्त्व मान्य केले. तत्त्व मान्य झाले की हिशेबाची वही आलीच.

आपल्या शेजारच्या, पशुपतिनाथाच्या नेपाळचेच उदाहरण घेऊ. तेथील अर्थमंत्रालयाने २०१० साली अशी प्रणाली सुरू केली. २०१३ साली ती सर्वांना पाहण्यास खुली झाली. २०१९ साली तिची जागा नव्या प्रणालीने घेतली. प्रत्येक प्रकल्पासमोर देणारा कोण, अनुदान की कर्ज, जिल्हा कोणता, किती देण्याचे ठरले आणि प्रत्यक्ष किती दिले, हे तीत लिहिले जाते. विशेष हे, की ही माहिती मुख्यतः देणाऱ्यांनीच भरावयाची असते. घेणाऱ्याच्या वहीत देणारा आपल्या हाताने लिहितो. ज्याने आयुष्यात एकदा तरी कोर्टाची पायरी चढली आहे, त्याला या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

‘किती देण्याचे ठरले’ आणि ‘किती दिले’ या दोन रकान्यांमध्ये जे अंतर असते, त्यातच आमचा प्रश्न राहतो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळात जवळजवळ ९,००० माणसे मृत्यू पावली आणि लक्षावधी घरे कोसळली. दोनच महिन्यांनी काठमांडूत भरलेल्या परिषदेत राष्ट्रांनी व संस्थांनी चार अब्ज डॉलरांहून अधिक साहाय्य जाहीर केले. त्यात भारताचा वाटा एक अब्जाचा होता; त्याचा चौथा हिस्सा अनुदान, उरलेले कर्ज. पुढे गोरखा आणि नुवाकोट या जिल्ह्यांतील ५०,००० घरांच्या उभारणीस भारताने हातभारही लावला. परंतु परिषदेतील घोषणा, नंतर होणारा करार आणि प्रत्यक्ष पोहोचणारा पैसा या तीन पायऱ्या आहेत. जाहीर झालेले सारेच काही तिसऱ्या पायरीपर्यंत आले नाही.

आता त्या पायरीच्या खाली उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावे. घर पडलेल्या कुटुंबाला मिळावयाचे अनुदान नंतर तीन लाख नेपाळी रुपये ठरले, तेही तीन हप्त्यांत: प्रथम ५० हजार, मग दीड लाख, मग एक लाख. पहिल्या हप्त्यात पाया घालावयाचा, पाया नियमाप्रमाणे झाला म्हणजे दुसरा हप्ता. ज्याने जुने दगड उचलले, उसनवारी केली आणि पाया खणला, त्याने हे सर्व दुसरा हप्ता येणार या विश्वासावर केले. त्याचे सरकारही तशाच एका मोठ्या हप्त्याच्या विश्वासावर चालत होते. वचन मोडले तर ते परिषदेच्या सभागृहात मोडत नाही. ते त्या अर्धवट पायावर येऊन मोडते.

आपल्या न्यायालयांनी याच स्वरूपाचे दोन खटले पाहिले आहेत. हावडा येथे नगरभवन बांधण्यासाठी वर्गणी गोळा करण्यात आली. एकाने यादीत १०० रुपये लिहिले. त्या यादीच्या भरवशावर नगरपालिकेने कंत्राट दिले. पुढे त्याने पैसे नाकारले, तेव्हा १८८६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यास देणेकरी ठरविले. उलट १९१४ च्या अलाहाबादच्या खटल्यात एका मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेले ५०० रुपये वसूल होऊ शकले नाहीत. कारण त्या वचनावर विसंबून कोणी काहीच केले नव्हते. दोन्हीकडे वचन सारखेच. फरक इतकाच, की एका ठिकाणी कामाला हात लागला होता.

राष्ट्राराष्ट्रांमध्ये असे न्यायालय सहसा नसते. पण नीती न्यायालयाच्या आधीची आहे. आमचे म्हणणे असे, की वचन देईपर्यंत दाता स्वतंत्र आहे. वचन नोंदले गेले आणि त्यावर दुसऱ्याने पाया घातला, की ते वचन दान राहत नाही, ऋण होते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आपल्याच परंपरेतला: दानाचा गाजावाजा कशाला? गुप्तदान श्रेष्ठ नव्हे काय? श्रेष्ठ खरेच. पण देवळात कोणी नाव न सांगता रक्कम दिली, तरी पावतीपुस्तकात ‘एक भक्त’ म्हणून ती लिहिली जातेच. गुप्त राहते ते दात्याचे नाव. द्रव्याचा हिशेब कधीच गुप्त नसतो. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने विश्वस्तांवर हिशेबाचे बंधन घातले, त्यामुळे भक्ती उणावली असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पैसा दात्या देशाच्या जनतेचा. तिने नवे सरकार निवडले आणि त्याने निराळे ठरविले तर? २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशांस द्यावयाचे विकाससाहाय्य नव्वद दिवस थांबविण्याचा आदेश दिला, आणि नेपाळातील प्रकल्पही त्यात अडकले. पुढे काही न देण्याचा अधिकार त्या जनतेला निश्चित आहे. पण जीर्णोद्धार समितीचे पंच बदलले म्हणून गवंड्याची थकलेली मजुरी बुडत नाही. नवा कारभारी जुन्या कारभाऱ्याचे देणे वारसाने घेतो. नवे वचन देऊ नये. खणलेला पाया मात्र पुरा करावा, निदान वेळेवर सूचना देऊन दुसरी वाट शोधण्यास अवधी द्यावा.

घेणाराही या वहीतून सुटत नाही. भूकंपानंतर ज्यांच्यापाशी जमिनीचा लालपुर्जा नव्हता, त्यांना अनुदानाच्या यादीत नाव घालून घेणे कठीण गेले. संगणक जे विचारले तेच लिहितो. बेघर पण बिनकागदाचा माणूस त्याला दिसत नाही. रकाने कोणते असावेत, हे ठरविणारे सरकार त्या न दिसण्यालाही जबाबदार आहे.

वही स्वतः पैसा देत नाही आणि घरही बांधीत नाही. पण काय बोलले गेले, केव्हा आणि कोणासाठी, हे ती विसरू देत नाही. संकल्पाच्या वेळी आपण काळ, स्थळ आणि स्वतःचे नाव उच्चारतो, तेही बोललेले शब्द आपल्याला बांधून घ्यावेत म्हणूनच. जो स्वतःला बांधून घ्यावयास तयार नाही, त्याने हाती पळी घेऊ नये.