विद्येची मुदत

गतवर्षीच्या एका दिवाळी अंकात एका विद्वान प्राध्यापकमहाशयांनी, लग्नामुळे वा घरच्या माणसाच्या नोकरीमुळे परदेशी जाऊन पडलेल्या आणि तिशी-पस्तिशीत अर्धवट राहिलेली पदवी पुन्हा हाती घेणाऱ्या मंडळींवर मोठ्या आवेशाने कोरडे ओढले आहेत. ब्रह्मचर्याश्रम उलटल्यावर ग्रंथ उघडणे ही विद्येची उपासना नव्हे, फावल्या वेळाची हौस होय, असा त्यांचा निवाडा. प्राध्यापकमहाशय स्वतः अठराव्या वर्षी महाविद्यालयात शिरले ते निवृत्तिवेतनाचे कागद घेऊनच बाहेर पडले. तेव्हा ज्याला मध्येच उठावे लागले अशा माणसाशी त्यांचा फारसा परिचय नसावा.

त्यांना निरुत्तर करणे तसे अवघड नाही. धोंडो केशव कर्वे 1881 साली मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. आणि आश्रमव्यवस्थेचा हवाला द्यायचाच, तर ज्या स्त्रीसाठी त्या व्यवस्थेने पहिल्या आश्रमाचे दार शतकानुशतके बंदच ठेवले, तिला ‘तुझी वेळ टळली’ असे सुनावण्यात तर्कापेक्षा धाडस अधिक आहे.

पण माझी खरी भिस्त डॉ. आंबेडकरांवर होती. 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले, 1915 मध्ये एम.ए. झाले, 1916 मध्ये लंडनला येऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि त्याचबरोबर ग्रेज इनमध्ये दाखल झाले. आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपताच, हातातला अभ्यास तसाच टाकून, त्यांना परतावे लागले. पुढे बडोद्याची नोकरी, जिथे या विद्वानाला कोणी राहायला जागा देईना. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी. आणि पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन, 1920 मध्ये पुन्हा लंडन. त्या वेळी वय एकोणतीस, पदरी संसार. 1921 मध्ये एम.एस्‌सी. झाली. पुढे रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरफारासाठी परत पाठविला, तो सुधारून दिला, आणि 1923 मध्ये डी.एस्‌सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर रीतसर हाती पडली ती 1927 मध्ये, म्हणजे त्या विद्यापीठात प्रथम पाऊल टाकल्यावर चौदा वर्षांनी.

हा सारा तपशील मी चिकाटीचा महिमा गाण्यासाठी जुळवीत होतो. परंतु तो सलग मांडून पाहताना एक बारीकशी नोंद, जिच्यावरून आपण चरित्रे वाचताना सहज पुढे जातो, मला अडवू लागली. 1917 मध्ये निघताना लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. चिकाटी अलौकिक होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण तिकडच्या दप्तरी नाव खारीज झाले असते, तर ती चिकाटी कोणत्या दारावर धडका देत बसली असती? विद्यार्थ्याच्या जिद्दीचे पोवाडे आपण गातो, आणि संस्थेने त्याच्यासाठी जागा राखली की नाही हे मात्र कारकुनी बाब समजून सोडून देतो.

माझी भाची न्यू जर्सीत असते. बी.एस्‌सी.च्या तिसऱ्या वर्षातून उठून ती नवऱ्याबरोबर एच-फोर व्हिसावर गेली; मूल शाळेत जाऊ लागल्यावर तिने तिथल्या कम्युनिटी कॉलेजात अर्ज केला. जुन्या गुणपत्रिका विद्यापीठाने मोहोरबंद पाकिटातून परस्पर पाठवाव्यात अशी अट असल्याने तिचे अधिकारपत्र घेऊन परीक्षा विभागाच्या खिडकीशी मी उभा राहिलो. तिथल्या भल्या गृहस्थाने पाकिटाला बोटाने डिंक फासला, जोडावर आडवा शिक्का उमटविला, आणि शाई वाळेपर्यंत ते पंख्याखाली धरले. इतक्या सोपस्काराने गेलेल्या कागदांवरून भौतिकीचे लेखी पेपर मान्य झाले, प्रात्यक्षिके मात्र नामंजूर. कारण प्रयोगशाळेत किती तास काढले हे गुणपत्रिकेवर कुठेच नव्हते. आता ती अठरा वर्षांच्या पोरांबरोबर पुन्हा लंबकाचे आंदोलन मोजते. प्राध्यापकमहाशयांचा लेख मी तिला फोनवर वाचून दाखविला, तेव्हा ती हसून म्हणाली, “मामा, हौसच आहे ना ही! शिकायला परवानगी आहे, नोकरीला कुठे आहे?” म्हणजे निवाडा शब्दशः खरा ठरला, फक्त हौस कोणी लादली एवढेच लेखात यायचे राहिले.

आपल्याकडे 2021 पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आहे. मध्ये शिक्षण सोडून पुन्हा परतता यावे हाच तिचा हेतू, आणि तो स्तुत्यही. पण तिथे जमा केलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षेच चालतात. साम्राज्याच्या राजधानीने 1917 मध्ये चार दिली होती, त्या मानाने आपण उदारच. मात्र लग्न, परदेश, बाळंतपण आणि मुलाची बालवाडी एवढे सारे सात वर्षांत आटोपून परतणारी बाई मला अद्याप भेटायची आहे. प्राध्यापकमहाशय विद्वत्सभेवर आहेत असे ऐकतो. हौशी लोकांवरचा पुढला लेख छापायला देण्यापूर्वी त्यांनी या मुदतीचा विषय तिथे काढावा, आणि सभासदांना वेळ असल्यास, प्रयोगशाळेचे तास गुणपत्रिकेवर छापण्याचा ठरावही मांडावा. अनुमोदनासाठी वयाची अट नसेल, तर मी हजर आहे.